फोटो प्रिंटवर स्प्रे मारा, पण कशासाठी मारताय ते आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी फाइन आर्ट प्रिंट कशी काढायची यावर लेख आला होता तो वाचला. लेख चांगलाच होता, पेपर कसा निवडायचा, स्क्रीन कॅलिब्रेट का करायची, प्रोफाइल म्हणजे काय हे सगळं साध्या भाषेत सांगितलंय, तिथं नाव ठेवायला जागा नाही. पण शेवटच्या परिच्छेदात लेखकाने घाई केली. प्रिंटवर प्रोटेक्टिव्ह स्प्रेचे दोन हात मारले की काच लावायची गरज उरत नाही आणि रंग शंभर वर्षं टिकतात, अशा अर्थाचं काहीतरी लिहून ते मोकळे झाले. मी लोकांचे फोटो प्रिंट करून देतो, हेच काम आहे माझं, आणि तो लेख आल्यापासून जो तो विचारतोय की स्प्रे मारून द्याल ना. कशासाठी मारायचा असं उलट विचारलं की समोरचा गप्प होतो. म्हणून म्हटलं पत्र लिहावं, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

स्प्रे वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही, मी स्वतः वापरतो. म्हणणं एवढंच की तो काही ठराविक त्रासांवरचा इलाज आहे आणि सगळ्यात मोठा जो त्रास, म्हणजे उजेड, त्यावर तो फारच तोकडा पडतो.

आधी शाईचं बघू. इंकजेटची शाई दोन जातीची, डाय आणि पिगमेंट. डाय म्हणजे पूर्ण विरघळलेला रंग, तो पेपरवरच्या कोटिंगमध्ये आत झिरपतो, म्हणून चमक मस्त येते आणि बोट फिरवलं तरी काही होत नाही, पण रंगाचा रेणू न् रेणू सुटा पडलेला असल्यामुळे उजेड आणि हवेतले वायू त्याला सहज खातात. पिगमेंट म्हणजे रंगाचे अतिशय बारीक कण, ते विरघळत नाहीत, शाईत नुसते तरंगत असतात आणि पेपरवर पडल्यावर बरेचसे वरच्या वरच बसतात. उजेडाला ते लवकर दाद देत नाहीत, आजकाल फाइन आर्ट प्रिंट म्हणून जे काही विकलं जातं ते बहुतेक पिगमेंटचंच असतं. पण वर बसलेत म्हटल्यावर घासले की निघणार, हा त्यांचा स्वभाव.

मॅट कॉटन पेपरवर हे सगळ्यात जास्त दिसतं. ३०८ ग्रॅमचा जाड कॉटन पेपर घ्या, त्यावर रात्रीच्या आकाशाचा फोटो काढा, काळा रंग मखमलीसारखा येतो, बघतच राहावं असा, आणि मग त्या काळ्यावरून नखाची कड नुसती ओढा, फार जोरात पण नाही. एक करडी चकचकीत रेघ उमटते, समोरून बघितली तर दिसत नाही पण प्रिंट जरा तिरकी धरली की लगेच डोळ्यात भरते, आणि ती पुसून जात नाही कारण तिथले काळे कण आणि पेपरचे तंतू दोन्ही दाबले गेलेले असतात. पांढरा सुती हातमोजा घालून त्याच काळ्यावर बोट दोन-चार वेळा फिरवा, मोज्याला काजळी लागते. प्रिंटची गुंडाळी करून नळीत भरताना, एकावर एक रचताना, फ्रेमवाल्याने माउंटखाली, म्हणजे प्रिंटभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, सरकवताना हेच होतं. मॅट ब्लॅक शाई मॅट पेपरवर असताना एवढी नाजूक असते हे बऱ्याच फोटोग्राफर मंडळींना पहिली ऑर्डर परत येईपर्यंत कळत नाही.

तर स्प्रेचं पहिलं आणि माझ्या मते मुख्य काम हे. ॲक्रिलिक रेझिन सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं असतं, कॅनमधून फवारलं की सॉल्व्हंट उडून जातो आणि रेझिनचा पातळ पापुद्रा मागे राहतो, तो कणांना एकमेकांशी आणि पेपरशी धरून ठेवतो. नखाची रेघ तरीही उमटू शकते, पण साधी हाताळणी, मोज्याचं घासणं, वर ठेवलेल्या बटर पेपरची सरक, एवढं प्रिंट सहन करते. पाण्याचा एखादा थेंब पडला तर लगेच टिपून घेता येतो. पण म्हणून ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, तसं सांगणारे व्हिडिओ मी पाहिलेत आणि बघून हातपाय गळाले.

दुसरं काम वायूंपासून वाचवायचं, आणि इथे स्प्रे खरोखर कामाला येतो, विशेषतः डाय शाईला. यामागे इतिहास आहे. २००० साली एप्सनने स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे प्रिंटर आणले, सहा रंगांची डाय शाई, प्रिंट बघून लोक वेडे झाले, आणि टिकाऊपणाचा आकडा दिला होता साधारण दहा वर्षांचा. काही महिन्यांत बोंबाबोंब सुरू झाली की उघड्यावर ठेवलेल्या प्रिंट नारिंगी पडतायत, काहींच्या तर दिवसांत. काचेत असलेल्या प्रिंट ठीक आणि उघड्या होत्या त्या गेल्या, म्हणजे उजेडाचा दोष नव्हता. हवेतला ओझोन आणि तसलेच ऑक्सिडाइझ करणारे वायू निळसर म्हणजे सायन रंगाला खात होते, सायन गेला की उरतो मॅजेंटा आणि पिवळा, त्यातून नारिंगी. पेपरचं कोटिंग मायक्रोपोरस, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचं, त्यामुळे शाई पटकन वाळायची पण हवापण तेवढीच आरामात आत जायची. टिकाऊपणाची टेस्ट उजेडाची केली होती, हवेची कोणी मोजलीच नव्हती.

अशा छिद्रांच्या पेपरवर डाय शाईची प्रिंट असेल आणि ती काचेशिवाय राहणार असेल तर स्प्रेने छिद्रं बुजतात आणि फरक डोळ्याला दिसण्याइतका पडतो, हे मी छातीठोकपणे सांगेन. ओझोन फक्त बाहेरच्या धुरकट हवेतच असतो असंही नाही, आयन सोडणारे काही एअर प्युरिफायर आणि जुनी झेरॉक्स मशीनं पण तो तयार करतात, त्यांच्या शेजारच्या भिंतीवर डायची उघडी प्रिंट लावणं म्हणजे मुद्दाम टेस्ट लावल्यासारखंच.

त्याच्याही आधीचा काळ घ्या. अमेरिकेतले संगीतकार ग्रॅहम नॅश यांनी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स नावाचा प्रिंट स्टुडिओ सुरू केला, आयरिस ३०४७ नावाच्या अवजड प्रिंटरवर, जो खरं तर छपाईचे प्रूफ, म्हणजे छपाईआधीचे नमुने, काढायला बनवलेला होता. रंग अप्रतिम, पण शाई पाण्यात विरघळणारी डाय, शिंक आली तरी डाग पडेल अशी अवस्था आणि उजेडाला पण कच्ची. डिजिटल प्रिंटवर संरक्षक कोटिंग द्यायची सवय आपल्याकडे आली ती त्या शायांच्या काळातून. तो प्रिंटर आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. शाया बदलल्या, पिगमेंट आल्या, सवय मात्र तशीच राहिली, आणि मग कुठल्या प्रिंटला गरज आहे नि कुठल्या नाही हे विचारायचं लोकांनी सोडूनच दिलं.

आता उजेड, आणि ते शंभर वर्षं. हा आकडा येतो कुठून? विल्हेल्म इमेजिंग रिसर्च ही हेन्री विल्हेल्म यांची अमेरिकेतली संस्था वर्षानुवर्षं प्रिंटच्या टिकाऊपणाच्या टेस्ट करते. प्रिंट शंभर वर्षं टांगून कोणी बघत बसत नाही, तिच्यावर अतिप्रखर दिव्यांचा मारा करतात, रंग किती उतरला ते मोजतात आणि मग हिशोब करतात की रोज १२ तास ४५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) एवढ्या उजेडात हाच परिणाम व्हायला किती वर्षं लागली असती. म्हणजे आकड्याच्या पोटात एक गृहीत धरलेला उजेड आहे. कोडॅक आपल्या दाव्यांसाठी एकेकाळी १२० लक्स धरायचं, त्यामुळे तीच प्रिंट एका हिशोबात २५ वर्षांची तर दुसऱ्यात जवळजवळ चौपट, आणि प्रिंटमध्ये काडीचा फरक नाही. संग्रहालयात कागदावरच्या नाजूक गोष्टींना ५० लक्सच्या आसपास उजेड देतात, आणि आपण प्रिंट लावतो खिडकीसमोरच्या भिंतीवर जिथे दुपारी कित्येक हजार लक्स पडतात. तर शंभर वर्षं हे कुठल्या शाईचं, कुठल्या पेपरवर, किती उजेडात आणि काचेमागे की उघड्यावर, एवढं सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. स्प्रेच्या डब्यावर नुसतं यूव्ही प्रोटेक्शन, म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण, लिहिलंय यावरून तर तो आकडा मुळीच काढता येत नाही.

यूव्हीचं पण जरा खोलात बघा. स्प्रेमध्ये यूव्ही शोषणारं रसायन असतं हे खरं, पण किती शोषलं जाणार हे थराच्या जाडीवर असतं. तीन हलके हात मारून जो पापुद्रा बनतो तो काही मायक्रॉनचा, त्यात त्या रसायनाचं प्रमाण बसून बसून बसणार किती. त्याउलट फ्रेमिंगची यूव्ही फिल्टर असलेली काच किंवा ॲक्रिलिक शीट ९९ टक्क्यांपर्यंत यूव्ही अडवते. आणि समजा सगळाच यूव्ही अडवला तरी रंग फक्त यूव्हीनेच उडतात असं नाही, डोळ्यांना दिसणारा उजेड, त्यातही निळ्याकडचा, तोही रंग उडवतोच, आणि तो अडवला तर फोटो दिसणार कसा. म्हणून पिगमेंट प्रिंटच्या बाबतीत उजेडासाठी स्प्रे म्हणजे थोडीफार मदत, त्याच्या भरवशावर काच काढून टाकणं मला पटत नाही.

एक गंमत इथेच सांगतो कारण ही कोणी सांगत नाही. पेपर जास्त पांढरा दिसावा म्हणून बऱ्याच पेपरमध्ये ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असतात, ते डोळ्यांना न दिसणारा यूव्ही पितात आणि निळसर उजेड बाहेर टाकतात, त्यामुळे पेपर झगझगीत पांढरा वाटतो. अशा पेपरवर यूव्ही शोषणारा स्प्रे मारला की ब्राइटनरची खुराकच कमी होते आणि पांढरा भाग किंचित पिवळट दिसायला लागतो. गिऱ्हाईक म्हणतं स्प्रेने पेपर पिवळा पडला. पेपर पिवळा झालेला नसतो, त्याचा मूळ रंग बाहेर आलेला असतो. ब्राइटनर नसलेला कॉटन पेपर घेतला तर ही भानगडच नाही.

चकचकीत आणि लस्टर म्हणजे मंद चमकीच्या पेपरवर स्प्रे मारायचं कारण वेगळं असतं, तिथे टिकाऊपणापेक्षा दिसणं महत्त्वाचं. ग्लॉसी पेपरवर पिगमेंट बसलं की शाई आहे तिथली चमक वेगळी आणि कोऱ्या पांढऱ्या जागेची चमक वेगळी, ढगांचे कडक पांढरे भाग भोकं पडल्यासारखे दिसतात. शिवाय गडद भाग तिरके बघितले की तांब्यासारखी झाक मारतात, त्याला ब्रॉन्झिंग म्हणतात. स्प्रेचा एकसारखा थर दोन्हीवर बसला की हे बरंच झाकलं जातं. प्रिंटर कंपन्यांनी यावर आपापले उपाय काढलेत, एप्सनने आर८०० मध्ये ग्लॉस ऑप्टिमायझरची वेगळी कार्ट्रिज दिली, कॅननचं क्रोमा ऑप्टिमायझर आहे, म्हणजे रंग नसलेली शाईच प्रिंटर वरून फिरवतो. असा प्रिंटर असेल तर स्प्रेचं अर्धं कारण संपलं.

आता मारायचा कसा, कारण खरी वाट इथे लागते. सगळ्यात पहिली गोष्ट, थांबा. प्रिंट हाताला कोरडी लागली म्हणजे वाळली असं नाही. शाईत पाण्यासोबत ग्लायकॉलसारखे सावकाश उडणारे पदार्थ असतात, ते तासन्‌तास बाहेर पडत राहतात, ग्लॉसी आणि बरायटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या) पेपरवर तर जास्तच. काचेत लगेच लावलेल्या फ्रेमला आतून धुरकट थर येतो तो हाच. वरून स्प्रेने झाकण घातलं की ते आत अडकतात, थर दुधाळ होतो किंवा चिकट राहतो. किमान एक पूर्ण दिवस सोडा, घाई नसेल तर दोन, वर साधा शोषक कागद ठेवून तो मध्येमध्ये बदलला तर अजून चांगलं.

मग धूळ. कॉटन पेपरची स्वतःचीच भुकटी सुटते, बारीक तंतू आणि कोटिंगचे कण, ते प्रिंट काढायच्या आधीच मऊ रुंद ब्रशने झटकायला हवेत नाहीतर त्यांच्यावर शाई पडते आणि ते नंतर गळून पांढरे ठिपके राहतात. स्प्रे मारायच्या आधी परत एकदा झटका. थराखाली अडकलेला केस काढायचा उपाय माझ्या माहितीत नाही. पंखा बंद, आणि अंगात लोकरी काही घालू नका, हसू नका, खरंच सांगतोय.

कॅन चांगली मिनिट-दोन मिनिटं हलवायचा. पहिला फवारा कधीच प्रिंटवर नाही, आधी रद्दी कागदावर, कारण नोझलमध्ये साचलेला थेंब पहिल्या दाबाला थुंकल्यासारखा उडतो. प्रिंट बोर्डाला लावून किंचित तिरकी उभी ठेवली तर नोझलवरून ठिबकलेला थेंब तिच्यावर पडत नाही. अंतर साधारण २० ते २५ सेंटिमीटर, पण डब्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. फवारा प्रिंटच्या बाहेर सुरू करायचा, एका संथ चालीने आडवा न्यायचा, पलीकडे प्रिंटच्या बाहेर गेल्यावरच बोट सोडायचं, पुढची पट्टी आधीच्या पट्टीवर निम्मी चढली पाहिजे. मनगट फिरवून कमान करू नका, अख्खा हात सरळ जाऊ दे, नाहीतर मधोमध जाड आणि कडांना पातळ थर बसतो. एक हात आडवा, दहा-पंधरा मिनिटं वाळू दिला, दुसरा हात उभा, मग तिसरा परत आडवा. प्रत्येक हात एवढा हलका की मारल्यावर वाटलं पाहिजे काहीच झालं नाही. एकाच दमात सगळं उरकायचा मोह होतो आणि मग ओघळ येतात, मॅट पेपरवर तर ओलसर चकचकीत डबकी पडतात जी वाळल्यावर पण तशीच दिसतात.

फार लांबून मारलं तर उलटा घोटाळा, थेंब हवेतच वाळतात आणि प्रिंटवर पावडर बनून पडतात, हात फिरवला की बारीक सँडपेपर लागतो. हे बरेच जण पेपरचा दोष समजतात. अंतर कमी केलं की बंद होतं.

आणि हवा. दमट हवेत स्प्रे मारू नका, कितीही डेडलाइन असली तरी. सॉल्व्हंट झपाट्याने उडतो तेव्हा तो प्रिंटचा पृष्ठभाग थंड करतो, थंड पृष्ठभागावर हवेतली वाफ जमते, आणि तो ओलावा रेझिनच्या थरात अडकला की पांढरट धुकं दिसतं. व्हार्निशवाले त्याला ब्लशिंग म्हणतात. काळ्या भागावर ते इतकं उठून दिसतं की आधीचा मखमली काळा राखाडी होऊन बसतो. खोलीचं तापमान नेहमीसारखं आणि हवा कोरडी असलेल्या दिवशीच हे काम काढायचं. झाल्यावर कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबायचा, नोझल साफ राहतं. शेवटच्या हातानंतर निदान एक दिवस प्रिंट एकावर एक ठेवायच्या नाहीत, कोरड्या वाटतात पण दाबाखाली एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना कोटिंगसकट निघतात.

मॅट पेपरवर अजून एक होतं, काळा थोडा अधिक खोल होतो आणि गडद रंग जरा भरतात, कारण थरामुळे पृष्ठभागावरून विखुरणारा उजेड कमी होतो. एक-दोन हातांत ते सुखद वाटतं, चार-पाच मारले तर मॅट पेपर मॅट राहत नाही, मग तो महागातला पेपर घेतला कशाला. ज्यांना रंगात काटेकोरपणा लागतो त्यांनी प्रोफाइलच, म्हणजे प्रिंटर आणि पेपरनुसार रंग जुळवणारी फाइल, स्प्रे केलेल्या रंगपट्ट्यांच्या चार्टवरून बनवावं. आणि आधी छोट्या तुकड्यावर मारून बघणं हे तर सांगायलाच नको, तरी सांगतो.

कुठला स्प्रे, हेही लोक विचारतात. हानेम्युलेचा प्रोटेक्टिव्ह स्प्रे, प्रीमियर आर्टचा प्रिंट शील्ड, मोआबचा डेझर्ट व्हार्निश हे इंकजेट प्रिंटसाठीच काढलेले आहेत, गोल्डनचा आर्कायव्हल व्हार्निश मुळात चित्रकारांचा पण प्रिंटवरही वापरतात. यातला अमुकच घ्या असं मी सांगणार नाही, पण कोळशाच्या चित्रावरचं फिक्सेटिव्ह, गाडीच्या रंगावरचं क्लिअर लॅकर आणि हेअर स्प्रे, हो हेअर स्प्रेसुद्धा, यातलं काहीही प्रिंटवर मारू नका. त्यातले काही पिवळे पडतात, काही कायम चिकट राहतात, काही शाईच हलवतात. कॅनव्हासची गोष्ट वेगळी, तिथे फ्रेमवर ताणताना कडांना शाई तडकते आणि समोर काच नसते, म्हणून व्हार्निश लागतोच, आणि तो बहुतेक पाण्यातला, रोलरने किंवा स्प्रे गनने. तोच पाण्यातला व्हार्निश पातळ कागदावर लावला तर कागद वळतो आणि लाटा येतात.

बरं, मग कधी नको? प्रिंट माउंट करून काचेमागे जाणार असेल, काच आणि प्रिंटमध्ये अंतर असेल, तर स्प्रेची फारशी गरज नाही, नीट हाताळून फ्रेममध्ये पोचवली की झालं. ॲसिड-फ्री बॉक्समध्ये मध्ये कागद घालून ठेवायची असेल तरी तेच. स्प्रे फक्त वरच्या बाजूने असतो, मागून आणि कडांनी कागद ओलावा ओढतच राहतो, त्यामुळे बुरशी किंवा मागच्या आम्लयुक्त पुठ्ठ्यामुळे पडणारे डाग यांवर त्याचा काही उपयोग नाही. उघड्यावर प्रदर्शनात लावायची, हाताळायच्या पोर्टफोलिओत ठेवायची, काचेशिवाय फ्रेम करायची किंवा डाय शाईची उघडी प्रिंट असेल, तर मात्र जरूर मारा.

संग्रहालयात काम करणारी संवर्धक मंडळी या स्प्रेंकडे जरा संशयाने बघतात आणि त्यांचं कारण मला पटतं. चित्रावरचा व्हार्निश पुढे कधीतरी काढता येतो, म्हणूनच तो लावतात. कागदावर मारलेला स्प्रे तंतूंमध्ये आणि कोटिंगमध्ये शिरतो, तो पुन्हा काढायचा तर शाई सोबत निघेल. डब्यावर रिमूव्हेबल लिहिलेलं असलं तरी ते कॅनव्हासवरच्या रंगाच्या थराबद्दल असतं, शोषून घेणाऱ्या कागदाबद्दल नाही. म्हणजे आज तुम्ही जे मारताय ते त्या प्रिंटसोबत कायमचं जाणार, पुढे पिवळं पडलं तरी.

म्हणून माझी एक मागणी आहे आणि ती विकणाऱ्या सगळ्यांकडे आहे, माझ्यासकट. लिमिटेड एडिशनच्या प्रिंटसोबत सर्टिफिकेट देतो त्यावर आपण शाई लिहितो, पेपर लिहितो, नंबर टाकतो, सही करतो, आणि स्प्रेबद्दल एक अक्षर नसतं. कुठला स्प्रे, साधारण किती हात, कुठल्या महिन्यात, एवढं लिहायला काय जातं? पुढे प्रिंटला डाग पडला आणि कोणी ती दुरुस्तीला घेतली तर त्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडणार की वर काय आहे. आणि एकाच एडिशनमधल्या अर्ध्या प्रिंट स्प्रे केलेल्या, अर्ध्या कोऱ्या, असं करू नये, शेजारी ठेवल्या की काळ्यातला फरक कळतो आणि घेणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. प्रिंट घेणाऱ्यांनीही हे विचारायला शिकावं, सांगताना समोरचा आढेवेढे घ्यायला लागला तर काय समजायचं ते समजा.

राहता राहिला तब्येतीचा मुद्दा, खरं तर हा वर यायला हवा होता. त्या लेखासोबत फोटो होता त्यात एक जण बंद खोलीत, तोंडाला कापडी मास्क लावून स्प्रे मारतोय. कापडी मास्क सोडा, एन९५ पण इथे चालत नाही, तो थेंब आणि धूळ अडवतो, सॉल्व्हंटची वाफ त्यातून आरामात आत जाते. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला अर्ध्या चेहऱ्याचा रेस्पिरेटर लागतो, आणि कार्ट्रिजची मुदत संपते, वास यायला लागेपर्यंत थांबायचं नसतं. बहुतेक कॅनमध्ये ढकलणारा गॅस म्हणून प्रोपेन-ब्युटेन किंवा डायमिथाइल ईथर असतं, म्हणजे सगळा प्रकार ज्वालाग्राही. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दुसऱ्या टोकाच्या पेटत्या बर्नरपर्यंत पोचू शकते. हवा खेळती हवी, आसपास ज्योत किंवा ठिणगी नको, लहान मुलं आणि पाळीव प्राणी त्या खोलीत नकोत, आणि वास पूर्ण जाईपर्यंत तिथे झोपू नका. बाकीचं पत्र जागेअभावी कापलंत तरी चालेल, पण हा मास्कचा भाग पुढच्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती म्हणून छापा, कारण तो फोटो बघून कोणीतरी याच आठवड्यात दार लावून स्प्रे मारायला बसलेला असणार.

आपला,
फोटो प्रिंट करणारा एक वाचक